दोष हवेचा नव्हे, सांध्याचा

वाहनांविषयी आपल्या वृत्तपत्रांतून जो मजकूर प्रसिद्ध होतो त्याचा बहुतेक भाग नव्या गाड्यांच्या वर्णनाने व्यापलेला असतो. आणि ज्या गाड्यांनी पंचवीस-तीस वर्षे मालकाची चाकरी इमानाने केली, त्यांची निगा कशी राखावी, त्यांच्यातील कोणता दोष दुरुस्त होण्याजोगा व कोणता असाध्य हे कसे ओळखावे, हा प्रश्न मात्र गॅरेजच्या उंबरठ्याबाहेर फारसा येत नाही. तो यावयास हवा, असे माझे मत आहे. जुने यंत्र मोडीत काढावयाचे की चालू ठेवावयाचे, या निर्णयाचा संबंध मालकाच्या ऐपतीशी, समाजाच्या साधनसंपत्तीशी आणि कारागिराच्या प्रतिष्ठेशी सारखाच असतो. आणि ज्या कारणावरून हा निर्णय घेतला जातो ते कारण तपासून पाहू गेल्यास अनेकदा इतके लहान निघते की, त्यापायी एवढे मोठे यंत्र बदनाम व्हावे याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या रेंज रोव्हर या फोर व्हील ड्राइव्ह गाडीच्या दुसऱ्या पिढीची, म्हणजे जाणकारांत ‘पी-38ए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाडीची, हकिकत अशीच आहे. तिच्या हवेच्या सस्पेंशनची जी अपकीर्ती झाली तिच्या मुळाशी 6 मिलिमीटर व्यासाच्या नायलॉनच्या नळीचा जोड आहे.

पहिली रेंज रोव्हर 1970 साली बाजारात आली तेव्हा चिखलातून आणि खडकाळ वाटांवरून जाणाऱ्या बहुतेक गाड्या कमानपाट्यांवर उभ्या असत, आणि ज्यास आडवाटेने जावयाचे त्याने अंग खिळखिळे होण्याची तयारी ठेवावी, हे गृहीतच धरलेले असे. स्पेन किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गृहीत नाकारले व चारही चाकांना लांब चालीच्या, मऊ कॉइल स्प्रिंग दिल्या. परंतु मऊ स्प्रिंगचा स्वभावच असा की, मागे सामान भरले किंवा ट्रेलर जोडला की गाडीचा मागचा भाग खाली बसतो. म्हणून मागच्या ॲक्सलवर बोगे या जर्मन कंपनीचे, गाडीच्या हालचालीतूनच शक्ती घेऊन उंची सावरणारे एक उपकरण बसविण्यात आले. मऊपणा आणि भारवाहकता यांचा मेळ कसा घालावा, ही चिंता अशा रीतीने या गाडीच्या जन्मापासूनच तिच्या सोबत होती. 1992 साली तिच्या लांब व्हीलबेसच्या आवृत्तीत पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या आल्या आणि 1994 साली अवतरलेल्या पी-38एमध्ये चारही चाकांवर त्याच कायम झाल्या. सायकलच्या चाकात हवा भरण्याची कल्पना 1888 साली बेलफास्टमध्ये ज्याने व्यवहारात आणली त्या जॉन बॉइड डनलप यांचे नाव धारण करणाऱ्या कंपनीनेच या पिशव्या पुरविल्या, ही गोष्ट यंत्रांच्या इतिहासावर प्रेम करणाऱ्यास सुखावणारी आहे.

हवाच कशासाठी, असा प्रश्न येथे विचारला जाईल आणि तो रास्त आहे. पोलादी स्प्रिंगची ताठरता ठरलेली असते; गाडी रिकामी असो वा भरलेली, ती बदलत नाही, आणि म्हणून रिकाम्या गाडीस जी स्प्रिंग उत्तम वाटते ती भरलेल्या गाडीस अपुरी पडते, भरलेल्या गाडीस जी योग्य ती रिकाम्या गाडीस कठोर होते. हवेच्या पिशवीचे तसे नाही. ओझे वाढल्यावर गाडी खाली बसू लागली की चाकाजवळचा उंची मोजणारा सेन्सर नियंत्रकास सूचना देतो, नियंत्रक त्या पिशवीत आणखी हवा सोडतो, गाडी पूर्वीच्या उंचीवर येते. आणि दाब वाढला त्या प्रमाणात पिशवीची ताठरताही वाढलेली असल्याने गाडीच्या आंदोलनाची गती जवळजवळ पूर्वीचीच राहते. रिकामी आणि भरलेली गाडी सारखीच चालते, हा गुण कोणत्याही पोलादी स्प्रिंगला साधणारा नाही. शिवाय त्याच पिशवीत हवा कमीजास्त करून गाडीची उंची बदलता येते: वेगवान रस्त्यावर ती थोडी खाली येते, ओढ्यातून किंवा खाचखळग्यांतून जाताना सुमारे 40 मिलिमीटर वर उठते, आणि वृद्ध माणसास चढउतार सुलभ व्हावी म्हणून उभी असताना सुमारे 65 मिलिमीटर खाली बसते. उंच गाडीत पाय टाकताना ज्याला गुडघेदुखीचा त्रास होतो, त्याला या शेवटच्या सोयीचे मोल सांगावे लागत नाही.

या सर्व व्यवस्थेची रचना समजण्यास कठीण नाही. बॉनेटखालच्या एका डब्यात विजेवर चालणारा लहान कॉम्प्रेसर असतो. त्याने दाबलेली हवा पाणी शोषणाऱ्या दाण्यांनी भरलेल्या ड्रायरमधून जाते आणि चॅसिसवर बसविलेल्या टाकीत साठते, जेथे तिचा दाब सुमारे 10 बारपर्यंत, म्हणजे मोटारीच्या सामान्य टायरमधील दाबाच्या चार-पाच पट, असतो. टाकीतील हवेचे वाटप व्हॉल्व्ह ब्लॉक करतो, आणि तेथून चार नळ्या चार चाकांकडे निघतात. नळी नायलॉनची, बाहेरून 6 मिलिमीटरची. आणि ती जेथे जेथे कोणत्याही भागात शिरते तेथे तेथे एक जोड असतो. अशा दहा-बारा जोडांवर दोन टनांहून अधिक वजनाची गाडी अहोरात्र उभी असते. इंजिन बंद केल्यावरही, मालक झोपल्यावरही, हे जोड आपले काम करीतच असतात, कारण पिशवीतील हवेला सुटी नसते.

आता हा जोड कसा असतो ते पाहिले पाहिजे, कारण सगळा वाद येथेच आहे. नळी हाताने आत ढकलली की ती प्रथम कॉलेट नावाच्या एका लहान, चिरलेल्या कड्यातून जाते. त्या कड्याला आतल्या बाजूने बारीक दात असतात व ते नळीच्या पृष्ठभागावर धरतात. आतील हवा नळीस जितक्या जोराने बाहेर ढकलील तितके ते अधिक घट्ट रुततात. त्याच्या पुढे ओ-रिंग असते, म्हणजे नळीभोवती नेमके बसणारे वर्तुळाकार रबर, आणि पी-38एच्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये तर प्रत्येक नळीमागे अशा दोन रिंगा आहेत. त्यांच्याही पुढे एक कठीण बूड असते आणि नळीचे टोक तेथे टेकले म्हणजे जोड पूर्ण झाला. धरून ठेवण्याचे काम दातांचे आणि हवा अडविण्याचे काम रबराचे, अशी ही श्रमविभागणी आहे. आणि ज्यांच्या ध्यानात ही विभागणी येत नाही ते लोक नळी ओढून पाहतात, ती निघत नाही असे पाहून समाधान पावतात, आणि जोड उत्तम बसला असा निर्वाळा देतात. दातांनी नळी घट्ट धरलेली असताना रबरातून हवा निसटत असणे सर्वथा शक्य आहे, आणि जुन्या गाडीत बहुधा तेच घडत असते.

रबर हा सेंद्रिय पदार्थ आहे. त्याला वय आहे. इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षे राहिलेली ओ-रिंग कठीण होते, तिचा गोल छेद चपटा होतो, आणि थंड रात्री नायलॉन किंचित आकुंचन पावले की त्यांच्यामधील फट हवेस पुरेशी होते. सकाळी मालक बाहेर येतो तो एका कोपऱ्यावर गाडी वाकलेली. तो ती सुरू करतो, कॉम्प्रेसर घरघरतो, गाडी सरळ होते, आणि मालक ती गोष्ट विसरतो. येथे खरी हानी सुरू होते. जो कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून विश्रांती घेण्यासाठी बनविलेला आहे तो आता सारखा चालू लागतो, तापतो, त्याच्या दट्ट्यावरील सील झिजते. तिकडे ड्रायरचीही स्थिती बिघडते. गाडी खाली येताना पिशव्यांतील कोरडी हवा ड्रायरमधून उलट्या दिशेने बाहेर जाते आणि दाण्यांतील ओलावा आपल्याबरोबर घेऊन जाते, अशी मूळ योजना आहे. पण हवा वाटेतल्या जोडातूनच निसटत असेल तर ड्रायरमधून ती केवळ आत येते, परत फारशी जात नाही, आणि दाणे भिजून निकामी होतात. मग ओल व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये शिरते, इंग्लंडच्या हिवाळ्यात तेथे गोठते, व्हॉल्व्ह अडकतात. नियंत्रकास उंचीचा मेळ लागेनासा होतो, तो दोषाची नोंद करून काम थांबवितो, आणि गाडी रबरी ठोकळ्यांवर बसते. अशा स्थितीत ती गॅरेजमध्ये येते तेव्हा कॉम्प्रेसर, ड्रायर, व्हॉल्व्ह ब्लॉक असा सर्वच सरंजाम बदलण्याचा हिशेब मालकापुढे ठेवला जातो, आणि तो हिशेब जुन्या गाडीच्या बाजारभावाच्या आसपास पोहोचला की मालकाचा धीर सुटतो. मूळ अपराधी जी रबराची रिंग, तिचे नाव त्या हिशेबात बहुधा कोठेच नसते.

म्हणून जोड बसविणे ही किरकोळ बाब समजू नये. तिची रीत येथे थोडी तपशिलाने सांगतो, आणि आरंभी एक इशारा देतो, तो प्रत्येक वाचकाने मनावर घ्यावा: हवेच्या सस्पेंशनवर उभ्या असलेल्या गाडीखाली, तिच्या चॅसिसला भक्कम स्टँडचा आधार दिल्यावाचून, कोणीही कधीही जाऊ नये. जोड सैल करताच पिशवीतील हवा क्षणार्धात निघून जाते आणि गाडीचे धड ठोकळ्यांपर्यंत खाली येते. खाली असलेल्या माणसास हात काढून घेण्याचीही सवड मिळत नाही. आधी आधार, मग हवा सोडणे, आणि मगच जोडाला हात, हा क्रम मोडण्याची मुभा अनुभवी मेकॅनिकलाही नाही.

हवा सोडल्यानंतर जोडाभोवतीची जागा स्वच्छ करावी, कारण बाहेरचा मातीचा एक कण आत गेला तरी तो रबराखाली किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसतो. कॉलेट सर्व बाजूंनी सारखे दाबावे आणि दाबलेले असतानाच नळी सरळ ओढावी. एका बाजूने पेचकस घालून उचकटले तर कॉलेटचे कान तुटतात. नळी बाहेर आली की तिच्या टोकाकडे नीट पाहावे. ज्या ठिकाणी दात रुतले होते तेथे चरे पडलेले असतात, आणि तेच टोक पुन्हा आत ढकलले तर ते चरे नेमके नव्या रबराखाली येऊन हवेस वाट करून देण्याचा संभव असतो. म्हणून नळीत थोडी सैल लांबी असेल तर टोकाचा तेवढा भाग कापून टाकावा. कापण्याचे हत्यार मात्र पात्याचे असावे. करवतीने कापलेल्या टोकाला बुरा राहतो, पक्कडीने कापलेले टोक चपटे होते, आणि दोन्ही प्रकारांत ती धार आत शिरताना रबराला अदृश्य अशी चीर पाडते, जिचा पत्ता गाडी एखादी रात्र उभी राहिल्यावाचून लागत नाही. छेद नळीच्या अक्षाशी काटकोनात हवा, आणि बाहेरची कड अगदी किंचित मोडून घ्यावी, म्हणजे रबरावरून ती सरकून जाते. जोडाची खोली मोजून नळीवर तितक्या अंतरावर खूण करावी, हा माझा प्रत्येकास आग्रह आहे. कारण आत ढकलताना पहिला अडथळा रबराचा लागतो, तो लागताच नळी बुडाला टेकली असा भ्रम होतो, आणि प्रत्यक्षात ती निम्म्या वाटेवर असते. खूण जोडाच्या तोंडाशी आली म्हणजेच काम पुरे झाले असे समजावे. नळी आत जाण्यापूर्वी रबरास सिलिकोनचा हलका हात द्यावा. कोणत्या रबरास कोणते वंगण चालते हे ठाऊक नसता हाताशी असेल ते ग्रीस फासू नये, कारण काही प्रकारची रबरे खनिज तेलाने फुगतात व सडतात.

याहून अधिक घोटाळा मापांच्या बाबतीत होतो. 6 मिलिमीटरची नळी आणि पाव इंची नळी हाताला सारख्याच वाटतात, पण पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, पाव इंची जोडात 6 मिलिमीटरची नळी घातली तर दात तिला कसेबसे धरतात, रबर मात्र तिला पुरते आवळीत नाही. अमेरिकेत पाव इंची माल सर्वत्र मिळतो, युरोपात मिलिमीटरचा. आणि जुन्या गाडीच्या मालकाने परदेशातून जोड मागविले की दोन्ही पद्धतींची सरमिसळ होण्याचा धोका असतो. विकत घेण्यापूर्वी व्हर्नियर कॅलिपरने नळी मोजणे हा यावरचा एकच उपाय. तसेच कारखान्यातील यंत्रांसाठी बनविलेले स्वस्त प्लास्टिकचे जोड दाब पेलतात खरे, परंतु ते छपराखाली, स्थिर यंत्रावर राहावेत या हिशेबाने बनविलेले असतात. गाडीखाली त्यांच्यावर चिखल उडतो, खडी आदळते, इंग्लंडसारख्या देशात तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ बसते. तेथे पितळी अंगाचा जोड घ्यावा, आणि तो एक्झॉस्टच्या नळकांड्यापासून दूर ठेवावा.

नळी मधोमध घासून फुटली असेल तर काय करावे, यावर जाणकारांत मतभेद आहे. अखंड नवी नळी घालणे उत्तम, यात शंका नाही. परंतु ती चॅसिसच्या वरच्या अंगाने, जेथे हात पोहोचत नाही अशा जागांतून गेलेली असते, आणि तिच्यासाठी गाडीचे धड उचलण्याची पाळी येते. अशा वेळी फुटलेला तुकडा कापून दोन टोके एका सरळ जोडाने सांधण्यात गैर काही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो जोड हाताला पोहोचेल अशा जागी असावा, त्याच्या दोन्ही बाजूंस नळी काही अंतर सरळ जावी, कारण जोडाच्या तोंडाशीच वळण आले तर नळी रबरावर एकाच बाजूने रेलते व दुसऱ्या बाजूस फट राहते, आणि ज्या कारणाने ती घासली ते कारण आधी नाहीसे करावे. काही मालक प्रत्येक नळीत टायरच्या व्हॉल्व्हसारखा एक फाटा बसवितात, म्हणजे वाटेत सर्व व्यवस्था बंद पडली तरी साध्या पंपाने पिशव्या भरून घर गाठता येते. ही तजवीज शहाणपणाची आहे, परंतु तीत नवे जोड येतात. ते निष्काळजीपणे बसविले तर संकटासाठी केलेली सोयच संकट निर्माण करते.

काम झाल्यावर साबणाचे पाणी. प्रत्येक जोडावर ते लावावे आणि घाई न करता पाहावे. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते, लहान गळतीचा फेस हळूहळू, पांढऱ्या ठिपक्यासारखा जमतो, आणि तोच अधिक फसवा असतो. रात्री चारही चाकांच्या वरच्या कमानीची उंची टेपने मोजून लिहून ठेवावी आणि सकाळी पुन्हा मोजावी. मात्र ही गाडी बंद असतानाही नियंत्रक मधूनमधून जागा होऊन सर्वांत खालच्या कोपऱ्याशी इतर कोपरे जुळवीत असतो, तेव्हा चारही कोपरे सारखेच खाली आले म्हणून चारही जोड गळतात असा निष्कर्ष काढू नये.

इतके सांगितल्यावर मी मूळ मुद्द्यावर येतो. पी-38एच्या असंख्य मालकांनी ही कटकट नको म्हणून हवेच्या पिशव्या काढून पोलादी कॉइल स्प्रिंग बसवून घेतल्या, आणि त्यासाठीचे तयार संच बाजारात आजही मिळतात. त्या मालकांना मी दोष देणार नाही. ज्याची गाडी भर हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला ठोकळ्यांवर बसली आणि ज्याला दुरुस्तीच्या नावाखाली एकामागून एक महाग भाग बदलून मिळाले, त्याचा विश्वास उडावा हे स्वाभाविक आहे. पण हा बदल म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे आपण निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. ज्या गुणासाठी ही गाडी या रीतीने निर्माण झाली तो गुणच त्या बदलात गेला. उंची बदलण्याची सोय गेली, ओझ्याखाली सरळ राहण्याची शक्ती गेली, आणि हे सर्व वीस वर्षांत एकदा बदलावयाच्या काही रबरी रिंगा कोणी वेळेवर बदलल्या नाहीत म्हणून गेले.

असे पूर्वीही घडले आहे. अमेरिकेत कॅडिलॅकने 1957 च्या एल्डोराडो ब्रूम या अत्यंत महाग गाडीला हवेचे सस्पेंशन दिले, पाठोपाठ इतर अमेरिकी गाड्यांतही ते आले, आणि गळतीच्या तक्रारींनी हैराण होऊन काही वर्षांतच ते मागे घेण्यात आले. अनेक ब्रूम गाड्यांत मालकांनी कॉइल स्प्रिंग बसवून घेतल्या. परंतु त्याच देशात 1953 पासून बसगाड्यांना हवेचे सस्पेंशन बसू लागले होते, आणि ते टिकले, पसरले, आज जगभरच्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांचा तो नियम झाला आहे. आपल्या एसटीची मुंबई-पुणे मार्गावरील शिवनेरी याच हवेवर चालते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या नव्या गाड्यांच्या डब्यांखालीही हवेच्या स्प्रिंग आहेत, कारण सकाळच्या गर्दीत डब्याचे ओझे रिकाम्या डब्याच्या तुलनेत इतके वाढते की पोलादी स्प्रिंगांना ते पेलूनही डब्याची उंची फलाटाशी जुळती ठेवणे अवघड जाते. मोटारीत जे तंत्र अविश्वसनीय ठरले ते बसमध्ये आणि लोकलमध्ये विश्वसनीय कसे ठरले? भौतिकशास्त्र तेच, रबर तेच, जोडही त्याच तत्त्वाचे. फरक आहे तो व्यवस्थेचा. बसला डेपो असतो, लोकलला कारशेड असते. तेथे ठरलेल्या मुदतीने कोणीतरी फिटर खाली उतरतो, जोड तपासतो, वहीत नोंद करतो, आणि मुदत भरलेले रबर गळण्याची वाट न पाहता बदलतो. खासगी मोटारीच्या मालकाला तेल आणि फिल्टर बदलण्याची मुदत ठाऊक असते. सस्पेंशनच्या ओ-रिंगची मुदत त्याला कोणी सांगितलेलीच नसते.

या अनुषंगाने आपल्याकडील परिस्थितीचाही विचार करणे प्राप्त आहे. रेंज रोव्हर बनविणारी कंपनी 2008 साली टाटा मोटर्सने विकत घेतली, आणि हवेच्या सस्पेंशनच्या गाड्या आता आपल्या शहरांत दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. त्यांतील पहिल्या गाड्या लवकरच जुन्या या सदरात मोडतील, काही तर आजच मोडतात. खासगी गाडीच्या नोंदणीस 15 वर्षे पूर्ण झाली की तिची तपासणी होऊन पुढील 5 वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. म्हणजे गाडी सुस्थितीत ठेवणाऱ्यास कायद्याने वाट मोकळी ठेवली आहे. पण ती वाट चालण्यासाठी सुटे भाग आणि माहिती हवी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार उत्पादकांना एकूण अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली नसल्याच्या कारणावरूनच. प्रकरण पुढे अपिलांत गेले, तरी आयोगाने दाखविलेला दोष काल्पनिक नव्हता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे, परंतु अपुरे आहे. ज्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये फक्त रबर खराब झाले आहे तो ब्लॉक संपूर्ण विकावयाचा आणि आतील रिंगांचा संच स्वतंत्र द्यावयाचा नाही, या व्यापारनीतीला त्या पोर्टलमुळे आळा बसलेला नाही. पी-38एच्या बाबतीत अशा रिंगांचे संच स्वतंत्र व्यापाऱ्यांनी आणि जाणत्या मालकांनी मापे घेऊन स्वतः जुळविले, आणि त्यांच्या या खटाटोपामुळेच त्या गाड्यांपैकी पुष्कळ आजही हवेवर उभ्या आहेत. जे काम ग्राहकांनी केले ते उत्पादकाच्या जबाबदारीत आधीच समाविष्ट असावयास हवे होते.

माझी मागणी मोठी नाही. हवेचे सस्पेंशन असलेल्या प्रत्येक गाडीच्या देखभालीच्या पुस्तिकेत जोडांतील रबर बदलण्याची मुदत छापली जावी. प्रत्येक जोडाचे कॉलेट आणि ओ-रिंग सुटी, मापासह, रास्त भावात विकली जावी. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात नळी कापण्यापासून साबणाच्या पाण्यापर्यंतचा हा एक पाठ प्रत्यक्ष हातांनी करून घेतला जावा. आणि ज्या वाचकाच्या दारात अशी जुनी गाडी एका कोपऱ्यावर वाकून उभी आहे त्यास माझी विनंती आहे की, कॉइल स्प्रिंगचा संच मागविण्यापूर्वी, कॉम्प्रेसर बदलण्यास होकार देण्यापूर्वी, गॅरेजवाल्याला प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून दाखविण्यास सांगावे, आणि तो दाखवीत असताना स्वतः शेजारी उभे राहून पाहावे.